बावखल बुजवा असं बाबा म्हणाले नव्हते

आमच्या गावात एक वाक्य गेली चाळीसेक वर्षं फिरतं आहे. निर्मळच्या देवळापासून गासच्या वाटेपर्यंत कुणाही जुन्या माणसाला विचारा, तो सांगेल: मास्तरांनी आपलं बावखल बुजवलं ते मोठ्या घरच्या बाबांच्या सांगण्यावरून. यातला मास्तर मी. हे वाक्य पहिल्यांदा बोललो तोही मीच. आणि ते खोटं आहे.

अलीकडे राहायला आलेल्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात ते भरतं, पाणी जमिनीत मुरतं, आणि त्याच्या जोरावर आसपासच्या विहिरी गोड राहतात. समुद्र इथून लांब नाही. गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला की खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही, चुलीजवळ बसून कळतं. मी तर शाळेत शिकवणारा होतो.

मोठं घर आमच्या वाडीला लागून आहे, आणि बाबा त्या घरचे कर्ते होते. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, लग्नही नवीन होतं, तेव्हापासून ते घर माझ्या डोळ्यांत भरलं. शाळेत जाता-येता त्यांच्या ओटीवरून नजर आत जायची. वेताच्या चार खुर्च्या, मागे सागवानी जिना, जिन्याच्या वळणावर निळ्या काचेची खिडकी. दुपारचं ऊन त्या काचेतून आलं की पायऱ्यांवर निळा पट्टा पडायचा. मी सायकलवरून उतरून चेन बसवल्यासारखं करायचो आणि तो पट्टा बघत राहायचो.

त्यांची पानवेल होती, राजेळी केळी होती. थंडी संपता संपता अंगणातल्या मांडवावर सोललेली केळी वाळत पडायची आणि त्यांचा गोडसर, किंचित आंबूस वास रस्त्यापर्यंत यायचा. वाळलेली सुकेळी सुक्या सोपात, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालपटात, बांधून बाबा पहिली जुडी चर्चमध्ये द्यायचे आणि दुसरी शाळेत. ती दुसरी जुडी घ्यायला मी मुख्याध्यापकांच्याही आधी पुढे व्हायचो. गावातली पहिली मोटार त्यांची. थोरला मुलगा डॉक्टर, धाकटा आखातात. मी वर्गात त्यांचं उदाहरण द्यायचो. कष्ट, शिस्त, काटकसर असे तीन शब्द फळ्यावर लिहायचो आणि खिडकीतून त्यांच्या कौलांकडे बोट दाखवायचो.

आणि घरी येऊन त्यांची नक्कल करायचो. बाबा बशीतून चहा पीत नसत, म्हणून मी बशी सोडली. त्यांच्या ओटीवर वेताच्या खुर्च्या, म्हणून माझ्याही ओटीवर दोन आल्या. त्यांच्याकडे निळ्या काठाच्या प्लेटा होत्या, तशा सहा मी मुंबईहून आणल्या आणि पाहुण्यांसाठी कपाटात ठेवल्या. एक बायकोच्या हातून फुटली. तेवढ्यावरून मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. उरलेल्या पाच अजून कपाटात आहेत, जवळजवळ नव्यासारख्या.

ज्या गोष्टीची नक्कल करायला हवी होती ती मी पाहिली, पण मला ती दिसली नाही. मे महिन्यात त्या घरी बावखलाचा गाळ काढायचे. पाणी तळाला गेलेलं असायचं, मुलं सुट्टीवर आलेली असायची. त्या दिवशी बाबा स्वतः आधी खाली उतरायचे. डॉक्टर मुलगा अर्ध्या चड्डीत, गुडघाभर चिखलात. गडी, सुना, मुलगे सगळे एकाच रांगेत, घमेली हातोहात वर जायची आणि तो काळा गाळ केळीच्या बुंध्याशी पडायचा. मग विहिरीवर आंघोळी आणि सगळ्यांची एकच पंगत. बाबा शेवटी बसायचे आणि जेवून झाल्यावर आपली प्लेट आपण धुवायचे. हो, त्याच निळ्या काठाची.

त्या दिवसाचा एकच नियम होता. काठावर नुसतं उभं राहायचं नाही. मला तो ठाऊक नव्हता. एका वर्षी मी इस्त्रीच्या कपड्यांत, हाताची घडी घालून, काठावर जाऊन उभा राहिलो. बाबांनी खालूनच मान वर केली.

“मास्तर, उतरता की घरी जाता?”

सगळे हसले. रागाने नव्हे, मोकळं हसले. मी घरी गेलो आणि बायकोला सांगितलं की एवढं असूनही चार गड्यांची मजुरी वाचवायला पोरांना चिखलात उतरवतात, म्हणून तर श्रीमंत आहेत. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “आपल्याही बावखलात गाळ आलाय.” मी ऐकलं नाही असं केलं.

आमची वाडी त्यांच्या मानाने चिमूटभर. बावखल रस्त्याच्या बाजूला आणि जुनं घर आत, झाडांत लपलेलं. मला घर रस्त्याला तोंड करून हवं होतं. जिना हवा होता, जिन्याच्या वळणावर निळी काच हवी होती. बायको म्हणत होती, विहिरीच्या पलीकडे मोकळी जागा आहे, तिथे बांधू. मागे बांधलेलं घर बघणार कोण, हे मी तोंडाने बोललो नाही. तोंडाने मी डास, चिखल आणि वाया जाणारी जागा असं सगळं बोललो.

गोष्ट बाबांच्या कानावर गेली. एका रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर ते घरी आले. माझ्या वेताच्या खुर्चीत बसले, तिच्याकडे पाहून काही म्हणाले नाहीत. बोलले ते आमच्या घरच्या बोलीत, मी इथे पुस्तकी मराठीत लिहितो आहे.

“मास्तर, ते बावखल तुमच्या एकट्याचं नाही. खालच्या तीन घरांच्या विहिरी त्याच्यावर आहेत.”

मी म्हटलं, जागा माझ्या नावावर आहे.

“जागा आहे,” ते म्हणाले. “घराला जागा कमी पडत असेल तर माझ्या कुंपणाकडची थोडी घ्या. कुंपण मी आत घेतो. पण पाणी बुजवू नका.”

एवढं बोलून त्यांनी चहा संपवला आणि गेले. कुणी आपलं कुंपण आत घ्यायला तयार होतं आणि मला त्याचा संताप आला. मला वाटलं, रस्त्यावर आपल्यासारखं दुसरं घर उभं राहू नये म्हणून आले होते. मी त्यांची पूजा करत होतो असं मला वाटायचं. त्या दिवशी कळायला हवं होतं की त्या पूजेत अर्धा मत्सर होता. कळलं नाही.

ट्रकांमागून ट्रक मुरूम आला. शेवटच्या दिवशी मधोमध चटईएवढं पाणी उरलं होतं आणि त्यात चार-पाच बगळे उतरले होते. संध्याकाळी तेही उठून गेले.

घर छान झालं. लोक थांबून बघायचे. जिन्यावर निळा पट्टा पडायचा. तिसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी चहाचा पहिला घोट घेऊन मी कप खाली ठेवला. मला वाटलं साखरेऐवजी मीठ पडलं. त्या आठवड्यात आमच्या घरी डाळ शिजेना. खालच्या तीन घरांत ती त्याच्या आधीच शिजेनाशी झाली होती, फक्त ते मला सांगायला आले नव्हते. मग आले. त्यांतली एक म्हातारी, भाजीची टोपली घेऊन बाजारात बसणारी, पितळेचा तांब्या घेऊन आली होती. तिने तो माझ्यापुढे ठेवला.

“पिऊन बघा, मास्तर.”

मी प्यायलो. तिच्या मागे तिचा मुलगा, सून, शेजारी उभे होते. त्यांतल्या निम्म्यांची मुलं माझ्या वर्गात होती. आपण चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द तोंडापर्यंत आले होते असंही मी म्हणणार नाही. आले नव्हते. आलं ते हे:

“मला काय कळतं त्यातलं? बाबांनीच सांगितलं, बुजवून टाका, डास होतात.”

“बाबांनी?” ती म्हणाली. तिने तांब्या उचलून घेतला. मग म्हणाली, “त्यांना काय! त्यांची विहीर खोल.”

बस. एवढ्यात झालं. मी पुन्हा कधी ते वाक्य मुद्दाम बोललो नाही, तशी गरजच पडली नाही. मास्तर सांगतात म्हणजे खरं, ही माझी वीस वर्षांची कमाई त्या एका वाक्याच्या कामी आली. मोठ्या घराच्या फाटकावरून जाताना खालची माणसं मान फिरवू लागली. त्यांच्या वाडीत काम करणाऱ्या दोन बायकांनी काम सोडलं.

बाबांच्या कानावर अर्थात गेलंच असणार. काही दिवसांनी ते मला गासच्या वाटेवर भेटले. त्यांनी सायकल थांबवली. मी घसा साफ केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, शाळेच्या परीक्षा कधी आहेत ते विचारलं आणि पुढे गेले. श्रीमंतांना गावाच्या बोलण्याचं काही वाटत नाही, असा मी त्यातून अर्थ काढला. मला तो सोयीचा होता.

आमची विहीर गेल्यावर बायको पिण्याचं पाणी मोठ्या घरच्या विहिरीवरून आणू लागली. नळ येईपर्यंत कितीतरी वर्षं, रोज सकाळी एक हंडा, एक कळशी. त्या घरातल्या कुणी तिला कधी अडवलं नाही, कुणी काही विचारलं नाही. ज्यांच्यावर मी आळ घेतला त्यांचं पाणी मी प्यायचो आणि त्याच पाण्यात शिजलेलं निळ्या काठाच्या प्लेटांतून पाहुण्यांना वाढायचो. बायकोला सगळं ठाऊक होतं. ती एकदाच बोलली होती, “एकदा जाऊन सांगून या.” त्यानंतर घरात कुणी बावखलाचा विषय काढला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. ती जाऊन आता सहा वर्षं झाली.

बाबा तिच्या खूप आधी गेले. त्यांच्या शोकसभेत मी बोललो. कष्ट, शिस्त, काटकसर. लोकांना भाषण आवडलं.

पापनिवेदन केलं नाही असं नाही. एकदा फादरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, देव क्षमा करील, पण ज्यांचं नाव घेतलंत त्यांच्या घरी सांगितलंत का? त्यानंतर मी त्या फादरांकडे गेलो नाही. शेजारच्या गावच्या चर्चमध्ये जाऊ लागलो.

असंच राहिलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात गासच्या वाटेवरच्या मोठ्या बावखलाचा प्रश्न निघाला. ते गावातल्या पाच-सात घरांचं सामाईक. निम्म्यांचं म्हणणं, आता घरोघरी नळ आहेत, बुजवू आणि जागा इमारतीसाठी देऊन टाकू. चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. मोठ्या घरची नात, जी विरारला दवाखाना चालवते, बुजवू नका म्हणून बोलायला उभी राहिली. तिने चांगली माहिती आणली होती, कोणत्या गल्लीतल्या विहिरी कधी खारट झाल्या ते सगळं. बोलत असतानाच मागून एक जण म्हणाला, “तुमच्याच आजोबांनी दुसऱ्याचं बुजवायला लावलं ना? आणि आता आम्हाला शिकवायला आलात?”

हशा झाला. तिच्या हातातला कागद खाली आला. आणखी कुणीतरी म्हणालं, मास्तर बसलेत, त्यांनाच विचारा. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तीही बघत होती. तिला वाटत होतं मी ‘नाही’ म्हणेन, असं मला तेव्हा दिसलं. पण मी गुडघ्यावर हात ठेवला, फार वेळ बसवत नाही असं काहीतरी पुटपुटलो आणि काठी टेकत बाहेर पडलो. सभा पंधरा दिवस पुढे ढकलली.

म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचं खोटं एकदाच बोललो होतो असं नाही. त्या दिवशी पुन्हा बोललो, तोंड न उघडता. आणि या वेळी एक बावखल नव्याने बुजणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या घरी गेलो. बाबांची पत्नी, आम्ही सगळे त्यांना बाय म्हणतो, नव्वदीच्या पुढे आहेत. ओटीवर त्याच वेताच्या खुर्चीत बसून सुक्या सोपाच्या पट्ट्या काढत होत्या. जिन्यावरची निळी काच तडकली आहे, तिच्यावर चिकटपट्टी लावली आहे. मी समोर बसलो आणि हळू आवाजात सुरुवात केली. त्यांनी कानामागे हात धरला.

“मोठ्याने बोला, मास्तर. ऐकू येत नाही.”

त्यामुळे मला ते सगळं मोठ्याने सांगावं लागलं. बाबा त्या रविवारी काय म्हणाले, कुंपण आत घ्यायला कसे तयार होते, आणि तांब्यापुढे मी काय बोललो. वाडीत केळी उतरवणारी माणसं हात थांबवून ऐकत होती. माझा आवाज शेवटी फाटला, तरी त्या म्हणाल्या, “शेवटचं पुन्हा सांगा.” मी पुन्हा सांगितलं.

मला वाटलं होतं, त्या म्हणतील ठाऊक होतं. बाबांनी सांगितलं असेल, आणि त्या घरच्या मोठेपणाने त्यांनी मला केव्हाच माफ केलं असेल. एवढी वर्षं मी मनाशी तेच धरून बसलो होतो.

बायनी हातातली पट्टी मांडीवर ठेवली.

“मी त्यांना विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते म्हणाले, मी असं बोललो नाही. मी म्हटलं, मास्तर कशाला खोटं बोलतील?”

बायनी मांडीवरची पट्टी सरळ केली.

“त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मी मात्र काढत राहिले. पाहुण्यांसमोर काढला. तुमची बायको पाणी न्यायला यायची, तिच्यासमोर काढला. मी म्हणायचे, बघ, ह्यांच्यामुळे तुला हंडा उचलावा लागतो. ती खाली बघून दोर ओढत राहायची.”

मी हात जोडले. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

“आता मला सांगून काय उपयोग? मी कुणाला जाऊन सांगू, माझं चुकलं म्हणून?”

त्यांच्या सुनेने चहा आणला. बायनी घेतला नाही, मला घ्यायला सांगितला. तो गोड पाण्याचा होता. मी निघालो तेव्हा मागून त्या म्हणाल्या, “सभेत सांगा. आणि तिथेही मोठ्याने. मागच्या बाकांवर बहिरेच बसतात.”

सभेत सांगितलं. उभं राहून, काठी बाजूला ठेवून, सगळं क्रमाने सांगितलं. तांब्या आणणाऱ्या म्हातारीचा मुलगा, तो आता सत्तरीचा आहे, तिथे होता. तो म्हणाला, आमची आई मरेपर्यंत बाबांना बोल लावत होती. एवढंच म्हणून तो खाली बसला. ज्याने गेल्या वेळी टोमणा मारला होता तो म्हणाला, “मास्तर, पेपर तपासायला चाळीस वर्षं लावलीत.” कुणी हसलं नाही. बाबांच्या नातीने आपला कागद पुन्हा उघडला आणि जिथे थांबली होती तिथून पुढे वाचलं. निर्णय काही मोठा झाला नाही. बुजवायचं की नाही ते नंतर बघू, यंदा गाळ तरी काढू, असं ठरलं. माझ्या सांगण्याने कुणाचं मत किती बदललं ठाऊक नाही. पण तिला आता ते वाक्य कुणी ऐकवत नाही.

मे महिन्यात गाळ काढला. तीस-चाळीस माणसं आली होती, निम्मी तरुण, फोन पिशवीत गुंडाळून चिखलात उतरलेली. नातीने माझ्यासाठी सावलीत खुर्ची ठेवली. “मास्तर आजोबा, तुम्ही नुसते बसा,” ती म्हणाली. बायनाही खुर्चीसकट आणलं होतं. त्या रांगेच्या टोकाला बसल्या होत्या. केळींकडून येणारी रिकामी घमेली त्यांच्या हातात यायची, आणि तिथून ती परत खाली न्यायला कुणीतरी धावत यायचं.

त्यांनी माझ्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला तो नियम आठवला. मी उठलो, खुर्ची ओढत त्यांच्या शेजारी नेली, काठाच्या अगदी कडेला. त्या दिवशी त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पुढचं रिकामं घमेलं आलं तेव्हा मात्र त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी वाकून ते खाली उतरलेल्या पोराकडे दिलं आणि पुन्हा त्यांच्याकडे हात केला.